हायफाय, वायफाय आणि चहाबिहा

मीटिंगमध्ये क्लाएंट 'निटी-ग्रिटी' म्हणतो आणि आपण मान डोलावतो. इंग्लिशमधले हे यमकवाले जोडशब्द नक्की काय सांगतात, कुठे शोभतात आणि कुठे फजिती करतात?

सोमवार, सकाळचे साडेदहा. चिकलठाण्यातल्या एखाद्या ऑफिसची कॉन्फरन्स रूम, टेबलावर स्पीकरफोन आणि लाइनवर परदेशातला क्लाएंट. पहिली पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा. मग तिकडून वाक्य येतं, 'ओके टीम, लेट्स गेट डाउन टु द निटी-ग्रिटी.' टेबलाभोवतीचे सहाही जण एकदम गंभीर चेहरा करून माना डोलावतात. त्यातल्या तिघांना अर्थ ठाऊक असतो, दोघं अंदाज बांधतात आणि उरलेला एक टेबलाखाली मोबाइलवर स्पेलिंग शोधत असतो. 'ग्रीटिंग'शी काही नातं असेल का, असा त्याच्या डोक्यात विचार!

नातं नाही. निटी-ग्रिटी म्हणजे कामातला बारीकसारीक तपशील. वरवरच्या गप्पा झाल्या, आता मुद्द्याच्या मुळाशी जाऊ, असं क्लाएंटचं म्हणणं. आणि गंमत बघा, 'बारीकसारीक' हा आपला शब्दही यमक जुळवूनच आलाय. 'बारीक'चा अर्थ आपल्याला माहीत आहे. इथल्या 'सारीक'चा अर्थ काय? कुणी विचारतही नाही. पण नुसतं 'बारीक तपशील' म्हटलं की काहीतरी कमी पडतं, हे आपल्या कानाला बरोबर कळतं.

हाच कान इंग्लिश ऐकताना मात्र बंद पडतो. पैठण, कन्नड, वैजापूर, सिल्लोडहून मराठी मीडियममधून आलेली किती तरी मुलं-मुली आज वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात नोकरी करतायत. त्यांचं व्याकरण पक्कं असतं. टेन्स बरोबर, पॅसिव्ह व्हॉइस तोंडपाठ. अडचण येते ती बोलणं जरा सैल झालं की. क्लाएंट हसत हसत काहीतरी विली-निली, विशी-वॉशी बोलतो आणि ही मंडळी गप्प. मग त्यांच्याबद्दल मत काय होतं? 'काम चांगलं आहे, पण कम्युनिकेशन वीक.' अप्रेझलच्या फॉर्ममध्ये हे एक वाक्य किती महाग पडतं, ते ज्याच्या वाट्याला आलंय त्याला विचारा. माझं म्हणणं इतकंच आहे की ही खेळी आपल्या मातृभाषेत आपण रोज खेळतो. फक्त इंग्लिशमध्ये तिचे नियम थोडे वेगळे आहेत.

शेजारी ठीक, पण पाजारी कोण?

औरंगपुऱ्यातून फेरफटका मारलात तर एमपीएससीची पुस्तकं काखेत घेतलेला कुणीतरी हमखास भेटेल. त्याला 'अभ्यस्त शब्द' म्हणजे काय ते विचारा, फटकन सांगेल. पूर्णाभ्यस्त म्हणजे तोच शब्द दोनदा, जसं 'हळूहळू'. अनुकरणवाचक म्हणजे आवाजाची नक्कल, 'कडकड', 'खळखळ'. आणि अंशाभ्यस्त म्हणजे दुसरा शब्द थोडा बदलून, 'शेजारीपाजारी', 'उरलासुरला', 'अघळपघळ'. परीक्षेत दोन मार्कांसाठी घोकलेलं हे प्रकरण इंग्लिशलाही जसंच्या तसं लागू पडतं.

तिथेही काही जोड्यांत दोन्ही अर्ध्यांना आज वेगळा असा अर्थ उरलेला नाही. 'हेल्टर-स्केल्टर' म्हणजे वाट फुटेल तिकडे पळापळ. 'होकस-पोकस' म्हणजे जादूगाराचं छू-मंतर, आणि त्यावरून कुठलीही हातचलाखी. इंग्लिशमधला 'होक्स', म्हणजे फसवी अफवा, हा शब्दही बहुधा यातूनच निघाला. काही जोड्यांत एका शब्दाला अर्थ असतो आणि दुसरा नुसता साथीला येतो. 'सुपर-डुपर'मधल्या डुपरला किंवा 'ईझी-पीझी'मधल्या पीझीला स्वतःचं काही म्हणणं नसतं. हे त्यांचे पाजारी.

तिसरा प्रकार ऑफिसवाल्यांच्या जास्त कामाचा. यात दोन्ही शब्द खरे, अर्थवाले असतात आणि यमकामुळे जिभेवर चिकटून बसतात. 'वॉकी-टॉकी' चालता चालता बोलायचं यंत्र, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या पाठीवरून जगभर पोचलं. 'बिगविग' म्हणजे बडी असामी, कारण एकेकाळी युरोपात माणूस जितका मोठा तितका त्याचा केसांचा टोप मोठा. 'फॅट कॅट' हा शब्द १९२०च्या दशकातल्या अमेरिकेत राजकीय पक्षांना पैसा पुरवणाऱ्या धनाढ्यांसाठी आला. आता गलेलठ्ठ पगार घेणाऱ्या कुठल्याही सीईओला तो चिकटवतात (त्याच्या माघारी, अर्थात). 'ब्रेन ड्रेन' १९६०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेकडे वळू लागले तेव्हा रूढ झाला. आपल्याकडे रविवारी रात्री पुण्याच्या ट्रॅव्हल्सना जी गर्दी होते, तिच्यासाठीही तो चालून जावा. आणि सगळ्यात लाडका यमकवाला शब्द तर आपण यमक म्हणून ऐकतच नाही. पे-डे!

आजूबाजू आणि ईझी-पीझी

आता एक खेळ करू. आपल्या रोजच्या बोलण्यातले हे शब्द मोठ्याने म्हणून बघा. आजूबाजू. अदलाबदल. अंगतपंगत. अवतीभवती. उलटसुलट. ओबडधोबड. ऐसपैस. एकटादुकटा. इडापिडा. काही लक्षात आलं? पहिला शब्द स्वराने सुरू होतो आणि दुसऱ्याच्या तोंडाशी एखादं व्यंजन येऊन बसतं. 'बाजूआजू' म्हणा बरं! जीभच नाही म्हणते.

आता इंग्लिश. ईझी-पीझी. ओकी-डोकी. इट्सी-बिट्सी. एअरी-फेअरी. आर्जी-बार्जी. तीच चाल! तिथेही आधी स्वर, मग व्यंजन. पीझी-ईझी कुणी म्हणत नाही. मला तर हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा दोन दिवस दिसेल त्याला 'आजूबाजू' आणि 'ईझी-पीझी' म्हणून दाखवत होते. हा काही कायदा नाही. दोन्हीकडे व्यंजनाने सुरू होणाऱ्या जोड्याही ढिगाने सापडतील. पण एखादा शब्द ओळखीचा वाटतो तो का, याचं उत्तर इथे मिळतं.

इंग्लिशची आणखी एक सवय ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यमकाऐवजी नुसता स्वर बदलणाऱ्या जोड्यांत आधी 'इ' येतो आणि मग 'अ' किंवा 'ऑ'. झिग-झॅग, चिट-चॅट, क्रिस-क्रॉस, टिप-टॉप, पिंग-पाँग, फ्लिप-फ्लॉप. उलटं कधीच नाही. त्यामुळे 'चॅट-चिट' की 'चिट-चॅट' असा गोंधळ झाला तर आधी 'इ' हे लक्षात ठेवा, बहुतेक वेळा निभावून जाल.

यातले बरेच शब्द हो की नाही, करू की नको या द्विधेतून आलेत. 'शिली-शाली' म्हणजे चालढकल करणं. मूळ प्रश्न 'शॅल आय? शॅल आय?' म्हणजे 'करू का? करू का?' असा. 'विली-निली'चं मूळ 'मनात असो वा नसो' असं. आता त्याचे दोन अर्थ चालतात, एक 'नाइलाजाने' आणि दुसरा 'कसंही, काही धरबंद न ठेवता'. बॉस म्हणाला की 'डोंट चेंज द फाइल्स विली-निली', तर त्याचा अर्थ 'मनाला येईल तसे बदल करू नका' हा.

'हॉबनॉब'ची गोष्ट जरा जास्त सांगण्यासारखी. जुन्या इंग्लिशमधल्या 'असो-नसो' अशा जोडीपासून हा निघाला. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये तो 'होऊन जाऊ दे, इकडे किंवा तिकडे' अशा अर्थाने येतो. पुढे एकमेकांच्या नावाने पेले उंचावताना तो वापरू लागले, मग एकत्र बसून पिण्यासाठी आणि आता बड्या लोकांत ऊठबस करण्यासाठी. 'ऊठबस' हा भाषांतराला अगदी चपखल शब्द, पण एक फरक आहे. इंग्लिशमध्ये हॉबनॉबला किंचित टोमण्याचा वास येतो. अमका मंत्र्यांशी हॉबनॉब करतो म्हणजे त्याला मिरवायची हौस आहे. तेव्हा रेझ्युमेमध्ये 'आय एंजॉय हॉबनॉबिंग विथ क्लाएंट्स' लिहू नका, प्लीज.

छावणीतलं हॉब्सन-जॉब्सन

इंग्रजांना हे यमकाचं वेड इतकं, की भारतातून उचललेल्या शब्दांचा कोश केला तेव्हा त्याचं नावही तसंच ठेवलं. 'हॉब्सन-जॉब्सन'! हेन्री युल आणि आर्थर बर्नेल यांचा हा जाडजूड ग्रंथ १८८६ साली आला. बर्नेल १८८२ मध्येच वारले होते, काम युल यांनी तडीस नेलं. १९०३ साली विल्यम क्रूक यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. व्हरांडा, बंगला, शाम्पू, चटणी असे शब्द इंग्लिशमध्ये कसे शिरले, याची रंजक जंत्री त्यात आहे. हुक्क्यासाठी गोऱ्या साहेबांनी घडवलेला 'हबल-बबल' हा शब्दही तिथे भेटतो. पाण्यातून येणाऱ्या गुडगुड आवाजाची नक्कल. आपण 'गुडगुडी' म्हणतो, ते 'हबल-बबल' म्हणाले. दोघांनी कान लावला तो एकाच पाण्याला.

पण 'हॉब्सन-जॉब्सन' म्हणजे काय? हे दोन साहेब कोण? कुणीच नाहीत. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन! या हुसेन!' असा आक्रोश चालायचा. ब्रिटिश फौजेतल्या शिपायांच्या कानांनी त्याची मोडतोड करत करत त्याचं हॉब्सन-जॉब्सन करून टाकलं. दोन अनोळखी नावं ऐकली आणि आपल्या घरच्या आडनावांत बसवली. करबलाच्या शोकाचा स्वर, आणि त्याचं झालं बालगीत वाटावं असं नाव! युल यांना ते आवडलं, कारण परका शब्द आपल्या तोंडात बसवताना त्याचं काय होतं याचा तो नमुनाच होता. शिवाय पुस्तकाचे लेखक दोन, नावातही दोघं.

आपल्या शहरात राहणाऱ्याला ही गोष्ट लांबची वाटू नये. आपली छावणी म्हणजे निजामाच्या राज्यातलं हैदराबाद कंटिन्जंटचं जुनं ठाणं. परेड, कवायत, बाजार आणि तिथल्या बोलीची अशीच सरमिसळ लष्करी ठाण्यांमधून व्हायची. नंतर भाषाशास्त्रात परक्या शब्दाला आपल्या ओळखीच्या शब्दाचा पेहराव चढवण्यालाच 'हॉब्सन-जॉब्सन'चा नियम म्हणू लागले.

या नावात आणखी एक गोष्ट लपली आहे. यमक जुळलं की इंग्लिश कानाला शब्द बालिश किंवा थट्टेखोर वाटतो. याचं उत्तम उदाहरण 'नँबी-पँबी'. अठराव्या शतकात अँब्रोज फिलिप्स नावाचा कवी बड्या घरांतल्या लहान मुलांवर गोड गोड कविता करायचा. १७२५ साली हेन्री केरी याने त्याची टर उडवणारी कविता लिहिली आणि शाळेत पोरं नावाची मोडतोड करतात तसं 'अँब्रोज'चं 'नँबी-पँबी' केलं. कवीच्या कविता कुणाला आठवत नाहीत. त्याची टवाळी मात्र शब्दकोशात जाऊन बसली, अर्थ 'लेचापेचा, मिळमिळीत'. 'लेचापेचा', पुन्हा यमक!

हायफाय म्हणजे काय रे भाऊ?

'ती जरा हायफाय आहे.' हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर आपण सगळ्यांनी ऐकलंय. हायफाय हॉटेल, हायफाय लग्न, हायफाय पोरगी. इंग्लिशमध्ये मात्र हाय-फाय म्हणजे 'हाय फिडेलिटी', मूळ आवाजाशी इमान राखणारं ध्वनियंत्र. हा शब्द १९५०च्या सुमाराला रूढ झाला. महागडे म्युझिक सिस्टिम श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात असायचे, त्यामुळे आपल्याकडे यंत्राचं नाव मालकाला लागलं असावं, असा माझा तर्क आहे. लंडनच्या क्लाएंटला 'युवर ऑफिस इज व्हेरी हाय-फाय' म्हणालात तर तो बिचारा स्पीकर शोधत बसेल.

आणि वाय-फाय? 'वायरलेस फिडेलिटी'चं लघुरूप, असं सरसकट सांगितलं जातं. ते खरं नाही. १९९९ साली बिनतारी नेटवर्कच्या तंत्राला तोंडात बसेल असं नाव हवं होतं. आयट्रिपलई ८०२.११ अशा नावाने कोण खरेदी करणार? म्हणून कंपन्यांच्या संघटनेने इंटरब्रँड या ब्रँडिंग कंपनीला काम दिलं आणि तिथे 'वाय-फाय' हे नाव सुचलं. ते हाय-फायशी यमक जुळतं, एवढंच त्याचं मूळ. नंतर काही काळ जाहिरातीत 'वायरलेस फिडेलिटी'चं शेपूट जोडलं गेलं आणि सगळा घोळ झाला. म्हणजे दिवसातून दहा वेळा ज्याचा पासवर्ड आपण विचारतो, तो शब्द म्हणजे निव्वळ एक पाजारी आहे.

मेल पाठवण्याआधी

या शब्दांचा अर्थ पाठ करून भागत नाही, त्यांचा सूर कळावा लागतो. 'हँकी-पँकी' घ्या. आपल्याकडचे पेपर आर्थिक घोटाळ्यासाठी तो बिनधास्त छापतात. लबाडी हा अर्थ त्यात आहेच, पण आज इंग्लंड-अमेरिकेत तो ऐकला की आधी डोळ्यांपुढे येतात ती चोरटी प्रेमप्रकरणं. ऑडिट रिपोर्टच्या मेलमध्ये 'देअर इज सम हँकी-पँकी इन युवर डिपार्टमेंट' असं लिहिलंत तर उत्तर अकाउंट्सकडून न येता एचआरकडून येईल.

'हॉचपॉच'चंही तसंच. मूळ फ्रेंच स्वयंपाकघरातलं, एका भांड्यात सगळं शिजवलेलं कालवण. इंग्लिश कायद्यात तर मिळकत एकत्र करून समान वाटण्याला 'हॉचपॉट' म्हणतात. पण सहकाऱ्याच्या प्रेझेंटेशनला हॉचपॉच म्हणणं म्हणजे 'काय खिचडी करून ठेवलीय' असं तोंडावर सांगणं. 'फडी-डडी' म्हणजे जुन्या वळणाचा, कटकट्या माणूस. बॉसबद्दल बोलताना आधी म्यूटचं बटण तपासा.

'पाव-वाव' हा शब्द काही वर्षांपूर्वीपर्यंत कॉर्पोरेट जगात छोट्या मीटिंगसाठी सर्रास चालायचा. मुळात तो अमेरिकेतल्या आदिवासी भाषांतला, आधी त्यांच्या वैदू-पुजाऱ्यासाठी आणि मग त्यांच्या मेळाव्यासाठीचा. त्या समाजांसाठी तो सोहळा आजही पवित्र आहे, म्हणून अमेरिकन ऑफिसांत हा शब्द टाळायला सांगतात. तुम्हीही टाळा. उलट 'निटी-ग्रिटी' गुलामांच्या जहाजाशी जोडणारी एक गोष्ट फिरत असते, पण तिला पुरावा सापडलेला नाही. तो शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून विसाव्या शतकात वर आला. बिनधास्त वापरा.

कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. 'वेअर अँड टेअर' म्हणजे वापरातून होणारी झीज. विम्याच्या कागदावर, मशीनच्या वॉरंटीवर हे शब्द असतातच, आणि बहुधा भरपाई नाकारण्यासाठीच असतात. अनेक जण त्याचा उच्चार 'वेअर अँड टिअर' करतात. टिअर म्हणजे अश्रू! यमक जुळतंय का बघा, उच्चार आपोआप सुधारेल.

आपली मशीन, त्यांचं रेडिमेड

सगळ्यात मोठा फरक शेवटी राहिला. इंग्लिशमधल्या या जोड्या रेडिमेड असतात. दुकानात आहेत तेवढ्याच घ्यायच्या. हेल्टर-स्केल्टर आहे म्हणून तुम्ही 'रिपोर्ट-शिपोर्ट' घडवू शकत नाही. मराठीकडे मात्र मशीनच आहे. कुठलाही शब्द घ्या, त्याचं तोंड काढा, तिथे 'बि' बसवा. चहाबिहा, पाणीबिणी, लग्नबिग्न. मशीन इंग्लिश मालालाही चालते. मीटिंगबिटिंग, लॅपटॉप-बिपटॉप, अप्रेझल-बिप्रेझल.

आपल्या शहरात तर टपरीवर दोन मशीन शेजारीशेजारी चालतात. मराठीवाला 'चहाबिहा' म्हणतो, हिंदी-दखनीवाला 'चाय-वाय'. पंजाबीकडे 'श' आहे, पार्टी-शार्टी. बंगालीत 'जल-टल', तेलुगूत 'पुली-गिली', म्हणजे वाघबिघ. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची मांडणी केली. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा इथे शेजारी राहून एकमेकींसारख्या झाल्या, असं तिचं सूत्र. हे प्रतिध्वनी शब्द त्या शेजाराची एक ठळक खूण मानले जातात.

इंग्लिशकडे अशी एकच मशीन आहे आणि तीही बाहेरून आलेली. पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू लोकांच्या यिडिश भाषेतून 'श्म' आला. फॅन्सी-श्मॅन्सी, डेडलाइन-श्मेडलाइन. पण इथे एक खड्डा आहे. आपल्या 'बि'मध्ये आग्रह असतो. 'चहाबिहा घेणार का?' म्हणजे चहा, सोबत बिस्किट, थोड्या गप्पा, जे हवं ते. 'लग्नबिग्न काही नाही करायचं' असं म्हणताना तोच 'बि' उडवूनही लावतो. 'श्म' मात्र फक्त उडवून लावतो. 'डेडलाइन-श्मेडलाइन' म्हणजे 'कसली डोंबलाची डेडलाइन!' त्यामुळे पाहुण्या अमेरिकन क्लाएंटला प्रेमाने 'टी-श्मी?' विचारलंत तर त्याला वाटेल, तुम्ही चहाचीच टिंगल करताय. त्यापेक्षा त्याला सरळ टपरीवर न्या आणि 'चाय-वाय' म्हणा. 'वाय' म्हणजे काय, हे तो नक्की विचारेल. तोवर कटिंग येते.